पुस्तक सुटले, फ्लॉपी अडली

एकच मजकूर कागदावर असला तर पुस्तक आणि फ्लॉपीवर असला तर दारूगोळा! ही कुणा विनोदी लेखकाची कल्पना नव्हे. अमेरिकी परराष्ट्र खात्याने १९९४ साली तसा निर्वाळा दिला होता. छापील अक्षरावर जीव असलेल्या माझ्यासारख्याला हा इतिहास म्हणूनच खुणावतो.

संदेश सांकेतिक करणाऱ्या संगणकीय आज्ञावल्या तेव्हा अमेरिकेच्या युद्धसामग्रीच्या यादीत, रणगाड्यांच्या पंगतीला होत्या. परवान्याविना त्या देशाबाहेर धाडणे गुन्हा. फिल कार्न या अभियंत्याने ब्रूस श्नायर यांचे ‘अप्लाइड क्रिप्टोग्राफी’ बाहेर पाठवू का, असे रीतसर विचारले. सरकार म्हणाले, खुशाल. मग त्याच पुस्तकात छापलेल्या आज्ञावल्या फ्लॉपीवर घालून त्यांनी पुन्हा विचारले. उत्तर आले, ही युद्धसामग्री! कार्न कोर्टात गेले. १९९६ मध्ये जिल्हा न्यायालयाने दावा फेटाळला.

फिल झिमरमन यांच्यावर तर तुरुंगाचीच टांगती तलवार होती. १९९१ मध्ये त्यांची ‘पीजीपी’ ही आज्ञावली फुकट वाटली गेली आणि बघता बघता परदेशी पोचली. तिच्यात प्रत्येकाच्या दोन किल्ल्या. एक चारचौघांत वाटायची. तिने कुणीही तुमच्यासाठी लखोटा बंद करावा. दुसरी जिवापाड जपायची. तिने तो उघडायचा आणि तिनेच आपल्या पत्राखाली सही करायची. ही दुसरी चोरीला गेली, की चोराची सही कोणती नि तुमची कोणती, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. सरकारचा डोळा मात्र कुलपावर. तीन वर्षे चौकशी चालली आणि जानेवारी १९९६ मध्ये खटला न भरताच गुंडाळली गेली.

मधल्या काळात, १९९५ साली, एमआयटी प्रेसने पीजीपीची आख्खी आज्ञावली पुस्तक म्हणून छापली होती. १९९७ मध्ये नव्या आवृत्तीचे तर बारा खंड निघाले, सहा हजारांवर पाने! ती राजरोस युरोपात गेली. नॉर्वेच्या स्टोले शूमाकर यांच्या पुढाकाराने सत्तरांहून अधिक माणसांनी हजारावर तास खपून ती पाने यंत्राने वाचून पुन्हा संगणकात उतरवली. यंत्र एखादे अक्षर चुकीचे वाचायचे, म्हणून पडताळ्यासाठी ओळीगणिक आकडा छापलेला. मुद्रितशोधनाचा इतका जिवावरचा प्रसंग माझ्या तरी ऐकिवात नाही.

तारेवरून हाच मजकूर घटकाभरात गेला असता. जानेवारी २००० मध्ये निर्बंध बरेच सैल झाले आणि पीजीपीसाठी पुन्हा असे खंड छापण्याची गरज उरली नाही.