पाद्री कुणाचा? रेव्हरंड टिळकांपासून फादर दिब्रिटोंपर्यंत

१९१७ साली रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अमेरिकन मराठी मिशनचं काम सोडलं. वय ५५. ठरलेला पगार गेला, डोक्यावरचं मिशनचं छत्र गेलं. ख्रिस्तावरची श्रद्धा मात्र तसूभरही कमी झाली नव्हती, उलट वाढली होती. मिशनऱ्यांशी उभा दावा मांडावा असंही काही नव्हतं. मग माणूस या वयात असं का करतो?

आपल्या पिढीला टिळक माहीत आहेत ते फुलामुलांचे कवी म्हणून. 'केवढे हे क्रौर्य!' शाळेत शिकलेले लोक आजही भेटतात. पण त्यांच्या नावामागचं 'रेव्हरंड' हे अक्षर आपण वाचतो आणि पुढे जातो. मी उर्दू आणि मराठी अशा दोन्ही भाषा शिकवतो. धर्माची एक भाषा आणि घराची दुसरी, हा पेच माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांच्या दप्तरात असतो. म्हणून मला टिळकांच्या कवितेइतकंच त्यांचं ते 'रेव्हरंड' असणं महत्त्वाचं वाटतं.

आधी पार्श्वभूमी पाहू. अमेरिकन मिशनरी मुंबईत आले १८१३ मध्ये. १८३१ मध्ये त्यांनी अहमदनगरला (आताचं अहिल्यानगर) ठाणं उभारलं. १८४२ मध्ये 'ज्ञानोदय' हे नियतकालिक सुरू झालं. शाळा, छापखाना, दवाखाने, पुढे पाळकांना शिकवणारी सेमिनरी, असा पसारा वाढत गेला. हे लोक काँग्रेगेशनल परंपरेचे. त्यांच्यात बिशप नाही. प्रत्येक गावची मंडळी स्वतंत्र, आपला पाळक तिनेच निवडायचा. कागदावर याहून लोकशाही व्यवस्था शोधून सापडणार नाही.

पण पैसा बोस्टनहून यायचा. नगर जिल्ह्यात ख्रिस्ती झालेले बहुसंख्य लोक महार आणि मांग समाजातले, हातावर पोट असलेले. पाळकाचा पगार भागवणं त्यांच्या आवाक्याबाहेर होतं. त्यामुळे पाळक, शाळामास्तर, गावोगाव फिरणारे प्रचारक, सगळे मिशनच्या पगारपत्रकावर. मंडळीने निवडलेला पाळक महिनाअखेर सही करायचा ती साहेबाच्या वहीत. आता सांगा, तो माणूस कुणाचा? मंडळीचा की वहीचा?

टिळक या व्यवस्थेत आले ते मोठी किंमत मोजून. कोकणातल्या करजगावचा चित्पावन ब्राह्मण मुलगा, संस्कृत जाणणारा, कवी. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि घरदार तुटलं. पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षं वेगळ्या राहिल्या. त्या पुन्हा संसारात आल्या आणि १९०० मध्ये स्वतःच्या विचाराने ख्रिस्ती झाल्या. ती सगळी कहाणी 'स्मृतिचित्रे'त आहे. मराठी घरात ते पुस्तक नसेल तर आणा, एवढंच सांगतो.

नगरच्या चर्चमध्ये टिळकांना जाणवलं ते असं की प्रार्थना मराठीत होती, पण तिचा श्वास मराठी नव्हता. इंग्रजी स्तोत्रांची भाषांतरं विलायती चालींवर बसवलेली. शब्द मराठी, हेल परका. गाणारा गातो आणि घरी जाऊन विसरतो. टिळकांनी अभंग, ओवी, भजन आणि कीर्तन ही आपल्या मातीतली साधनं हाती घेतली. त्यांनी शेकडो गीतं लिहिली. मराठी ख्रिस्ती उपासनेत ती आजही गायली जातात. येशूचं चरित्र सांगणारं 'ख्रिस्तायन' त्यांच्या हातून पुरं झालं नाही, ते पुढे लक्ष्मीबाईंनी पूर्ण केलं.

इथे मला श्रीगोंद्याचे शेख महंमद आठवतात. त्याच नगर जिल्ह्यात, टिळकांच्या आधी अडीचशे-तीनशे वर्षं, एका मुसलमान संताने मराठीत ओव्या आणि अभंग रचले होते. म्हणजे टिळकांनी अभंगात ख्रिस्त आणला तेव्हा तो रस्ता कोरा नव्हता. हिंदू नसलेल्याने या छंदात देवाला हाक मारावी, ही त्या मुलखाची जुनी ओळख होती.

विरोध झाला का? शंका तर दोन बाजूंनी उभ्या राहणारच. पहिली शंका मिशनऱ्यांच्या मनातली. कीर्तनाचा साज घेतला तर त्यामागचा जुना विचारही दाराआडून आत येणार नाही कशावरून? आपल्याकडेही असे प्रश्न निघतात, त्यामुळे ही भीती मला नवखी वाटत नाही. दुसरी शंका जास्त अवघड आहे. ज्या महार-मांग माणसाने गावकुसाबाहेरचं जिणं नाकारण्यासाठी धर्म बदलला, त्याला एका ब्राह्मण कवीने 'आपली संस्कृती' म्हणून काही परत आणून द्यावं, हे त्याला कसं वाटेल? संस्कृती कुणाची आणि ती कुणी ठरवायची?

या दुसऱ्या शंकेला सोपं उत्तर नाही. एवढं मात्र खरं की टिळकांनी शास्त्र्यांची पोथी आणली नाही, भजन आणलं. ते चोखामेळ्याचंही होतं. झांज आणि एकतारी महारवाड्यातही होती. टिळकांच्या ओळी पंडितांच्या सभेत अडकल्या नाहीत, खेड्यातल्या मंडळीच्या तोंडी बसल्या. गाणं कुणावर लादून शंभर वर्षं टिकत नाही.

भाषेचा प्रश्न असा मार्गी लागला, खुर्चीचा उरला. १९१० साली एडिंबरोला जगभरच्या मिशनऱ्यांची मोठी परिषद भरली. तिथे व्ही. एस. अझरिया या तमिळ तरुणाने भर सभेत सांगितलं की तुम्ही आमच्यासाठी पुष्कळ त्याग केलात, पण आम्हाला तुमची मैत्री हवी आहे. सभेला ते झोंबलं. दोनच वर्षांनी, १९१२ मध्ये, अझरिया दोर्णकलचे बिशप झाले. अँग्लिकन चर्चचे ते पहिले भारतीय बिशप. काळ बदलत होता. देशात स्वराज्याची भाषा चालू होती आणि चर्चच्या भिंतींना कान होते.

टिळकांचा प्रश्न त्याच्याही पुढचा होता. गोऱ्या माणसाच्या खुर्चीत काळा माणूस बसला की काम झालं, असं त्यांना वाटत नव्हतं. खुर्चीच तीच राहिली तर? म्हणून १९१७ मध्ये पगार सोडून ते साताऱ्यात राहिले, संन्याशाचं जीवन पत्करलं आणि 'देवाचा दरबार' मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेलेही यावेत आणि न घेतलेलेही, अट एकच, ख्रिस्ताला गुरू मानण्याची. चर्चच्या नेत्याने सदस्यांच्या यादीपलीकडच्या माणसालाही आपलं म्हणावं, ही कल्पना त्या काळी धाडसाची होती. आजही आहे.

दरबार टिकला नाही. ९ मे १९१९ रोजी टिळक मुंबईत वारले आणि त्यांच्यामागे ती चळवळ विरत गेली. एका माणसाच्या तेजावर उभ्या राहिलेल्या कामाचं बहुधा असंच होतं. संस्था सोडणारा माणूस मोकळा होतो, पण त्याच्यामागे काम चालवायला कुणी उरत नाही. आणि संन्यास घेणाऱ्याच्या घरची चूल कुणीतरी पेटती ठेवावी लागते, हेही विसरू नये. लक्ष्मीबाईंनी आयुष्यभर ते केलं आणि वर हसत हसत लिहूनही ठेवलं.

पंडिता रमाबाईंचं उदाहरण याला जोडून पाहण्यासारखं आहे. १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांचा बाप्तिस्मा झाला. मी काय मानायचं हे चर्चचे अधिकारी ठरवणार का, यावरून तिथल्या मठवासी भगिनींशी त्यांचे खटके उडाले. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून सबंध बायबल सोप्या मराठीत आणलं. साध्या, कमी शिकलेल्या बाईलाही कळावं म्हणून. ते काम संपवून १९२२ मध्ये त्या गेल्या. १९२४ मध्ये ते मुक्तीच्याच छापखान्यात छापून निघालं आणि छपाईचं काम तिथल्या बायकांनी केलं. कुठलंही पद न मिळता याहून मोठं नेतृत्व कोणतं असतं?

याच्या उलट गोष्ट गोव्याची. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आले, लोकांची भाषा शिकले आणि १६१६ मध्ये त्यांचं 'क्रिस्तपुराण' ओवीबद्ध मराठीत छापून आलं. पण १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने हुकूम काढला की तीन वर्षांत लोकांनी आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावं. एका धर्मगुरूने प्रेमाने जे बांधलं त्याच्यावर सत्तेने एका कागदाने फुली मारली. लोकांनी भाषा सोडली नाही हा भाग वेगळा.

कॅथलिक चर्चमध्ये हा बदल थेट रोमहून आला. १९६२ ते १९६५ या काळातल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने लॅटिनऐवजी लोकभाषेत मिस्सा म्हणण्याची वाट मोकळी केली. वसईच्या चर्चमध्ये मराठी घुमू लागली. तिथल्या ख्रिस्ती घरांत सामवेदी किंवा वाडवळी बोली आहे, वेदीवर प्रमाण मराठी. त्या मातीतले फादर फ्रान्सिस दिब्रिटो 'सुवार्ता' मासिकाचे अनेक वर्षं संपादक होते. त्यांच्या 'सुबोध बायबल'ला अनुवादासाठी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. वसईची शेतं, विहिरी आणि झाडं बिल्डरांच्या घशात जाऊ लागली तेव्हा हरित वसई संरक्षण समितीच्या आंदोलनात ते पुढे उभे राहिले. पाण्याला धर्म नसतो. विहीर आटली की ती सगळ्यांची आटते. पाद्रीने चर्चच्या आवारातच राहावं असं ज्यांना वाटतं, त्यांना हे पटणार नाही.

२०१९ मध्ये उस्मानाबादच्या (आताच्या धाराशिवच्या) अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून त्यांची निवड झाली आणि लगेच त्यांच्या धर्मावरून आरडाओरडा सुरू झाला. पाद्री मराठीचा अध्यक्ष कसा? चारशे वर्षांपूर्वी 'क्रिस्तपुराण' झालं, शंभर वर्षांपूर्वी टिळक झाले, तरी प्रश्न तोच. जानेवारी २०२० मध्ये प्रकृती साथ देत नसतानाही दिब्रिटो संमेलनाला आले आणि बोलले. २५ जुलै २०२४ रोजी ते गेले. त्यांना विचारलेला तो प्रश्न मात्र इथेच आहे आणि तो आपल्यालाही विचारला जातो. तुम्ही मराठी कसे?

वाचकहो, या इतिहासातून मी माझ्यापुरत्या दोन गोष्टी घेतो. पहिली, भाषेवरचा हक्क कुणी देत नसतो. तो कामाने सिद्ध होतो, शेख महंमदांनी केला तसा, टिळकांनी केला तसा. दुसरी गोष्ट आपल्या घरातली. जुम्याच्या खुतब्याआधी होणारं बयान किती पोरांना नीट कळतं? उर्दू माझी रोजीरोटी आहे आणि माझं प्रेमही. तरी वर्गात मी पाहतो की अनेक मुलं मन मोकळं करतात ती मराठीतच. त्यांच्याशी दीनचं बोलायचं तर त्यांच्या भाषेत बोलणारा, त्यांच्या पाण्याच्या, शाळेच्या, कामधंद्याच्या प्रश्नात उभा राहणारा इमाम हवा. आणि त्याचा पगार एका मुतवल्लीच्या मर्जीवर टांगलेला असेल, तर तो खरं बोलेल अशी अपेक्षा तरी कशी करायची?

नगरच्या पाळकाला जो प्रश्न होता तोच हा आहे. या जुम्याला मशिदीतून बाहेर पडताना आपल्या मुलाला एवढंच विचारा, आज मौलाना काय म्हणाले? त्याने काय सांगितलं ते मला जरूर कळवा.