धिंड, चित्र आणि संमती

‘फोटो तिनेच पाठवला होता सर, मग कायदा तिच्या बाजूने कसा उभा राहणार?’ संगमनेरला इतिहासाचा तास संपल्यावर एका विद्यार्थिनीने मैत्रिणीची हकिगत म्हणून मला विचारले. मी खोलात गेलो नाही. पण विटंबना जिची झाली तिनेच मान खाली घालायची, हा न्याय आपल्या वस्त्यांना फार जुना आहे.

1963 साली औरंगाबाद जिल्ह्यातील शिरसगावात दलित स्त्रियांची नग्न धिंड काढली गेली. 1972 साली परभणी जिल्ह्यातील ब्राह्मणगावात दलित स्त्रियांची विटंबना झाली. त्याच वर्षी ‘साधना’च्या 15 ऑगस्टच्या अंकात राजा ढाले यांनी हिशेब मांडला : राष्ट्रध्वजाच्या अपमानाला 300 रुपये दंड, दलित स्त्रीच्या वस्त्राला हात घातल्यास 50. गदारोळ उठला तो ध्वजाविषयीच्या शब्दांवर. त्या 50 रुपयांची लाज कितीजणांना वाटली?

बळजबरीने वस्त्रे उतरवणे, नग्न धिंड काढणे ही कृत्ये मानवी प्रतिष्ठेला काळिमा फासणारी आहेत, असे 1989 च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याने स्पष्ट लिहिले. परंतु धिंड गावाच्या डोळ्यांपुरती असते. चित्र गावोगाव फिरते आणि वर्षानुवर्षे उरते. 1994 साली जळगावात मुलींवर अत्याचार करून, त्यांची छायाचित्रे काढून, त्यांच्याच धाकाने त्यांना पुन्हा पुन्हा वेठीस धरल्याचे उघड झाले. फार थोड्या जणी तक्रारीला पुढे आल्या; बहुतेक आरोपी सुटले.

त्या वेळी असल्या चित्रांसाठी हाताशी मुख्यतः 1860 च्या दंडसंहितेतील अश्लीलतेचे कलम 292 होते. चित्र पाहणाऱ्याचे मन बिघडते काय, हा त्या कलमाचा प्रश्न. चित्रातल्या बाईची संमती होती काय, हे त्याने विचारलेच नाही.

तो प्रश्न कायद्यात यायला वेळ लागला. माहिती तंत्रज्ञान कायद्यात 2009 पासून लागू झालेल्या कलम 66 ई ने संमतीवाचून गुप्तांगांचे चित्र काढणे वा पसरवणे गुन्हा ठरवले, मग ते स्त्रीचे असो वा पुरुषाचे. दिल्लीच्या घटनेनंतर, वर्मा समितीच्या अहवालामागून, 2013 साली दंडसंहितेत 354 सी आले. 1 जुलै 2024 पासून तेच भारतीय न्याय संहितेचे कलम 77 आहे. त्याचे स्पष्टीकरण सांगते की, स्त्रीने खाजगी चित्र काढू दिले, पण इतरांना दाखवायला संमती दिली नाही, तर ते पसरवणे गुन्हाच. पहिल्या दोषसिद्धीला एक ते तीन वर्षे कैद.

दुसऱ्या दिवशी हे कलम मी फळ्यावर लिहिले. 50 रुपयांपासून इथवर यायला आपल्या माणसांना किती झगडावे लागले, तेही सांगितले. ती मुलगी मागच्या बाकावर होती. तिने सगळे उतरवून घेतले.