डोळ्यावांचून पाहणारें विमान



वैमानिकावांचून उडणारें विमान समोरून येणारें दुसरें विमान कसें ओळखतें आणि कसें चुकवितें, हा प्रश्न नवा दिसतो. परंतु त्याच्या उत्तराला सुमारें सत्तर वर्षांचा इतिहास आहे, आणि तो बहुतांशीं अपघातांचा इतिहास आहे.

आरंभीं नियम एकच होता : पाहावें आणि चुकवावें. बैलगाडीच्या रस्त्याला तो पुरेसा असेल. आकाशाला तो ३० जून १९५६ रोजीं पुरला नाहीं. त्या दिवशीं लॉस एंजेलिसहून तीन मिनिटांच्या अंतरानें निघालेलीं दोन प्रवासी विमानें ग्रँड कॅन्यनवर एकमेकांवर आदळलीं व १२८ माणसें मृत्यु पावलीं. त्या भागांत एकमेकांस टाळण्याचा सारा भरंवसा वैमानिकांच्या दृष्टीवर होता, आणि दृष्टीला एक विलक्षण दोष आहे. जें विमान सरळ येऊन आपल्यावर आदळणार असतें, तें काचेंत एकाच जागीं स्थिर दिसतें. डोळा हलत्या वस्तूकडे चटकन् वळतो. स्थिर ठिपका शेवटच्या कांहीं सेकंदांत एकाएकीं मोठा होईपर्यंत ध्यानांतच येत नाहीं.

ह्याच काळांत बेंडिक्स कंपनींतील मॉरेल नांवाच्या शास्त्रज्ञानें एक साधा पण मार्मिक विचार मांडला. दोन विमानांत अंतर किती, हें विचारण्यापेक्षां टकरीला वेळ किती उरला, हें विचारावें. शाळेंतील आगगाड्यांचें गणितच हें! ताशीं ९०० किलोमीटर वेगाचीं दोन विमानें समोरासमोर आलीं, तर दर सेकंदास अर्धा किलोमीटर अंतर तुटतें. १० किलोमीटरला अवघे २० सेकंद. परंतु एक विमान दुसऱ्यास मागून ताशीं ९० किलोमीटर अधिक वेगानें गांठीत असेल, तर त्याच १० किलोमीटरला ४०० सेकंद मिळतात. अंतर तेंच, संकट मात्र तेंच नव्हे.

ह्या विचारावर उभें राहिलेलें यंत्र म्हणजे टीकॅस. तें रेडिओलहरींनीं प्रश्न विचारतें. शेजारच्या विमानांतील ट्रान्सपॉन्डर उंचीसह उत्तर देतो. उत्तर येण्यास लागलेल्या वेळावरून अंतर कळतें. प्रथम सावधगिरीची सूचना मिळते, मग 'वर चढा' किंवा 'खालीं उतरा' अशी आज्ञा होते. दिशा पुरेशी अचूक कळत नसल्यामुळें डावें-उजवें तें सांगत नाहीं. दोन्हीं विमानांतील यंत्रें आपसांत ठरवितात, म्हणून एकास 'वर' तर दुसऱ्यास 'खालीं' सांगितलें जातें. १९८६ सालीं कॅलिफोर्नियांत सेरिटोस येथें झालेल्या टकरींत ८२ माणसें गेलीं. पुढच्याच वर्षीं अमेरिकेंत कायदा होऊन हें यंत्र प्रवासी विमानांस सक्तीचें ठरलें. आपल्या देशाला तो धडा १२ नोव्हेंबर १९९६ रोजीं हरियाणांतील चरखी दादरी येथें मिळाला. सौदी व कझाक विमानांची टक्कर झाली आणि ३४९ जण मृत्यु पावले. दिल्लीच्या रडारवर त्या वेळीं विमानांची उंची दिसतच नव्हती! त्यानंतर आपल्याकडेही सक्ती झाली.

परंतु यंत्र बसविल्यानें प्रश्न संपला नाहीं. १ जुलै २००२ च्या रात्रीं जर्मनींतील युबरलिंगेनजवळ रशियन टुपोलेव्ह आणि एक मालवाहू बोइंग हीं विमानें एकाच उंचीवरून एकमेकांचा मार्ग छेदणार होतीं. दोहोंतही टीकॅस होतें, आणि तें नीट चाललें होतें. झुरिकच्या नियंत्रण-कक्षांत एकटा माणूस दोन ठिकाणचें काम सांभाळीत होता. त्यानें टुपोलेव्हला खालीं उतरण्यास सांगितलें. कांहीं सेकंदांतच यंत्र म्हणालें, 'वर चढा'. वैमानिकांनीं माणसाचें ऐकलें. तिकडे बोइंगच्या वैमानिकांनीं यंत्राचें ऐकलें आणि तेंही विमान खालीं उतरूं लागलें. ७१ जण गेले. त्यांत पुष्कळशीं उफा शहरांतून सुटीसाठीं निघालेलीं शाळकरी मुलें होतीं. दोघांनींही यंत्राची आज्ञा पाळली असती तर सर्व वांचले असते. तरीही त्या रशियन वैमानिकांस दोष देणें मला अन्यायाचें वाटतें. दोन आज्ञा विरुद्ध आल्यास कोणाची मानावी, हें त्यांच्या नियमपुस्तकांत नि:संदिग्ध लिहिलेलेंच नव्हतें. नंतर आंतरराष्ट्रीय नियम स्पष्ट करण्यांत आला : अशा क्षणीं यंत्राचीच आज्ञा पाळावी.

वैमानिकावांचून उडणाऱ्या विमानाची अडचण आतां ध्यानांत येईल. त्याचा चालक दूर जमिनीवर बसलेला. त्याच्यापर्यंत संदेश जाऊन उत्तर येईपर्यंत मोलाचा वेळ जातो, आणि मधला दुवा तुटला तर आज्ञा पाळावयास कोणीच नाहीं. म्हणून अशा विमानांसाठीं एकॅस-एक्सयू ही नवी प्रणाली तयार झाली. तिचें प्रमाण अमेरिकेंत २०२० सालीं ठरलें. कोणत्या परिस्थितींत कोणती हालचाल सर्वांत कमी धोक्याची, हें आधींच गणित करून तक्त्यांत मांडून ठेवलेलें असतें. ती वर-खालींबरोबर डावें-उजवेंही सांगते, आणि माणसाची वाट न पाहतां विमानाला स्वतः वळवितां येईल अशी सोय तींत आहे. ट्रान्सपॉन्डर नसलेलीं ग्लायडरें व लहान विमानें कोणत्याच प्रश्नाला उत्तर देत नाहींत; त्यांच्यासाठीं अशा विमानाला स्वतःचें रडार बरोबर न्यावें लागतें.