बर्फ, जकात आणि कतबा

वैशाखात यवतमाळचा पारा 44 अंशांच्या घरात जातो, तेव्हा थंडावा ही चैन राहत नाही. दूध, औषधे, संत्री यांना तो हवाच असतो. परंतु आपल्या जिल्ह्यास ना समुद्र, ना बंदर. परदेशी शीतयंत्र आपल्यापर्यंत पोहोचते ते जकातीच्या दारातूनच. त्या दाराचा इतिहास आपण थोडक्यात पाहू.

इ. स. 1833 मध्ये बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरने ‘टस्कनी’ जहाजातून 180 टन नैसर्गिक बर्फ कलकत्त्यास धाडला. चार महिन्यांच्या वाटेत वितळून सुमारे 100 टन उरला. आता धक्क्यावर कागद रंगवीत बसावे, तर मालाचे पाणी व्हायचे! कंपनी सरकारने बर्फावरील जकात माफ केली आणि तो रात्री उतरविण्यासही मुभा दिली. पुढच्या वर्षी असा बर्फ मुंबईस आला.

यंत्र वितळत नाही. म्हणून त्याला अशी माफी नाही. व्यापाऱ्याचे भांडवल मात्र वितळते. गिऱ्हाईक मिळण्यापूर्वीच सारी जकात भरावी लागली, तर लहान गावच्या दुकानदाराने करावे काय? यावरचा तोडगा म्हणजे बॉन्ड. आपल्या जुन्या दप्तरांच्या भाषेत कतबा. 1878 च्या सागरी जकात कायद्यात तो होता. त्याच्या जागी आलेल्या 1962 च्या कायद्यानेही तो ठेवला.

रीत अशी : आयातदाराने ‘बिल ऑफ एन्ट्री’ दाखल करावे. माल लगेच हवा असेल, तर जकात भरून सोडवावा. नसेल, तर वखारीसाठीचे निराळे बिल भरून, कतबा लिहून देऊन तो बॉन्डेड वखारीत ठेवावा. मग दहा यंत्रे आणणारा गिऱ्हाईक मिळेल तसे एकेक यंत्र जकात भरून बाहेर काढू शकतो. सर्वसाधारण मालास मुदत एक वर्षाची. 90 दिवसांनंतर मात्र व्याज चढते. कतब्याची रक्कम पूर्वी जकातीच्या दुप्पट असे. 2016 पासून ती तिप्पट झाली आहे.

सरकार व्यापाऱ्यावर विश्वास टाकते, पण तो लेखी आणि तिप्पट रकमेचा. साहेबांच्या पेल्यातील बर्फासाठी नियम एका रात्रीत वाकले होते, हेही आपण विसरू नये. कोणाची निकड तातडीची मानावयाची, हे जकातीच्या कचेरीतही माणसेच ठरवीत आली आहेत. तेव्हा आपल्या दुधाची आणि संत्र्यांची निकड तेथवर पोहोचविणे, हे आपलेच काम होय.