हजेरीची कुळकथा

मजुरी मोजायच्या तऱ्हा दोनच: किती वेळ राबला आणि किती काम केले. चिंचणीच्या परिसरात दोन्ही शेजारी शेजारी नांदतात. चिंचणी ते डहाणू किनाऱ्यावर अनेक घरांत दागिन्यांच्या डाय, म्हणजे नक्षीचे साचे, कोरल्या जातात; तिथे हिशेब नगावर होतो. जवळच्या तारापूर एमआयडीसीत तो पाळीवर होतो. आज हे दोन्ही हिशेब छोट्या कारखानदाराच्या कॉम्प्युटरवर एकाच सॉफ्टवेअरमध्ये बसतात. तिथवरची वाट मात्र लांबची आहे.

कारखान्यात कामगाराच्या येण्याजाण्याची नोंद ठेवण्याचा एक जुना दाखला इंग्लंडमधल्या जोसाया वेजवुडच्या अठराव्या शतकातल्या कुंभारकामाच्या कारखान्यातला आहे. ही नोंद मालकाच्या सोयीची होती. आपल्याकडे मुंबईच्या गिरण्यांत उजाडल्यापासून मावळेपर्यंत काम चाले. कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884मध्ये आठवड्याची सुट्टी, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती आणि वेळेवर पगार मागितला. 10 जून 1890 रोजी रविवारची सुट्टी मान्य झाली. कामगाराच्या वेळेलाही हिशेब असतो, हे इथे ठसठशीतपणे मांडले गेले.

त्याच सुमारास अमेरिकेत विलर्ड बंडी या जवाहिऱ्याने कामगाराची वेळ कागदावर छापणारे घड्याळ बनवले. त्याची कंपनी पुढे ज्या उद्योगसमूहात विलीन झाली, त्याचेच 1924मध्ये आयबीएम झाले. वेळ मोजणारी आणि आकडेमोड करणारी यंत्रे अशी एकाच घराण्यातली.

भारतात 1948च्या कारखाना कायद्याने दिवसाला 9 किंवा आठवड्याला 48 तासांवरच्या कामाला दुप्पट दर ठरवला. हजेरीच्या वहीला, म्हणजे मस्टरला, वजन आले ते त्यामुळे. डावीकडे नाव, पुढे तारखांचे 31 रकाने, त्यांत ‘पी’, ‘ए’, अर्ध्या दिवसाची खूण, कडेला ओटीचे, म्हणजे जादा कामाचे तास, शेवटी सही किंवा अंगठा. मालकाच्या सोयीची वही अशी कामगाराचा पुरावा झाली.

पण मस्टर एक गोष्ट सांगत नाही: हे तास कोणत्या कामावर गेले? वर्कशॉपमध्ये त्यासाठी जॉबकार्ड आले. ऑर्डरला नंबर, त्याखाली माल आणि मजुरी. 1986मध्ये गोयंका पितापुत्रांनी सुरू केलेल्या कंपनीच्या टॅली या सॉफ्टवेअरमध्ये पुढे हे सगळे एकत्र आले. टॅलीच्या अटेंडन्स व्हाउचरमध्ये हजेरीबरोबर ‘प्रॉडक्शन’ही नोंदवता येते, म्हणजे नगावरची मजुरीही बसते. ती कॉस्ट सेंटरला, म्हणजे त्या ऑर्डरच्या खर्चाच्या खात्याला, जोडली की एका ऑर्डरचा खरा खर्च दिसतो. एखाद्या नक्षीच्या डायला ठरल्यापेक्षा दुप्पट वेळ गेला असेल, तर पुढच्या वेळी भाव सांगताना अंदाजावर विसंबावे लागत नाही. भाव कमी सांगितला की तोटा भरून काढायला सर्वांत आधी कारागिराच्या मजुरीवरच हात पडतो. म्हणून ही नोंद त्याच्याही भल्याची.

एक उणीव मात्र शिल्लक आहे. मस्टरवर कामगाराची सही असे. सॉफ्टवेअरमधली नोंद बहुधा अकाउंटंटच पाहतो. आकडा चुकला तर तो पकडणारा डोळाच राहत नाही. छोट्या कारखानदारांना एवढेच सांगणे आहे: महिनाअखेरीला पगाराबरोबर तास, नग आणि ओटीची चिठ्ठीही हातात द्या. दोघांनी पाहिलेला हिशेबच खरा हिशेब.