यलोस्टोनचीं अस्वलें

१८७२ सालच्या मार्च महिन्याच्या पहिल्या तारखेस अमेरिकेचे अध्यक्ष युलिसीस ग्रँट यांनीं एका लहानशा कायद्यावर सही केली. यलोस्टोन नदीच्या उगमाकडील सुमारें साडेतीन हजार चौरस मैलांचा डोंगराळ मुलूख या कायद्यानें विक्री व वसाहत यांपासून कायमचा वगळला गेला आणि लोकांच्या लाभासाठीं व आनंदासाठीं राखून ठेवलेलें सार्वजनिक उद्यान म्हणून जाहीर झाला. जगांतील पहिलें राष्ट्रीय उद्यान म्हणून ज्याचा उल्लेख होतो तें हेंच. याच कायद्यांत आणखी एक तरतूद होती: तेथील मासे व वन्य पशु यांचा अविचारी संहार होऊं नये, व्यापारासाठीं त्यांना कोणी पकडूं वा मारूं नये, याची काळजी सरकारनें घ्यावी. माणसांनीं यावें, रमावें आणि जनावरांनींहि सुखानें नांदावें, असा हा दुहेरी संकल्प होता. उकळत्या पाण्याचीं कारंजीं पाहण्यासाठीं घोड्यावरून कित्येक दिवसांचा प्रवास करावा लागे अशा त्या काळांत या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येतील, अशी शंका कोणास येण्याचें कारणच नव्हतें.

लोकांच्या आनंदासाठीं, या शब्दांतले लोक कोण, हा प्रश्नहि त्या वेळीं कोणी विचारला नाहीं. रानमेंढ्यांची शिकार करून राहणारे तुकुडिका लोक पिढ्यान्‌पिढ्या याच डोंगरांत वसले होते. त्यांना लवकरच तेथून हलवून दूरच्या राखीव मुलुखांत पाठविण्यांत आलें. इंडियन लोक गरम झऱ्यांच्या भयानें या भागांत फिरकतच नसत, अशी एक सोयीस्कर कथा पुढें उद्यानाच्या अधिकाऱ्यांनींच प्रसृत केली. रानाचें रक्षण करणाऱ्यांच्या इतिहासांत हें पान फारसें वाचलें जात नाहीं, म्हणून त्याचा येथें उल्लेख.

कायदा झाला, पण त्याला दांत नव्हते. शिक्षेचें कलम नव्हतें आणि आरंभीं पैसाहि नव्हता. शिकारी मोकाट सुटले तेव्हां १८८६ सालीं उद्यान घोडदळाच्या ताब्यांत देण्यांत आलें. तरीहि शिकाऱ्याला पकडून करावयाचें काय, हा पेंच उरलाच. १८९४ च्या मार्च महिन्यांत एडगर हॉवेल नांवाचा इसम पेलिकन खोऱ्यांत मारलेल्या बायसनांचीं कातडीं सोलीत असतां एकट्या पहारेकऱ्याच्या हातीं सांपडला. बायसनाच्या मुंडक्याला बाजारांत मोठी किंमत येई. कायद्याप्रमाणें त्याला उद्यानाबाहेर हांकलून देणें, एवढेंच शक्य होतें. परंतु योगायोगानें ‘फॉरेस्ट अँड स्ट्रीम’ या पत्राचा बातमीदार त्याच वेळीं उद्यानांत होता. त्याची बातमी देशभर गाजली आणि दोन महिन्यांच्या आंत, ७ मे रोजीं, उद्यानांतील शिकारीस तुरुंगाची व दंडाची शिक्षा सांगणारा लेसी कायदा मंजूर झाला. कोट्यवधि बायसनांच्या त्या देशांत १९०२ सालीं या उद्यानांतील मोजदाद पंचवीसच्याहि आंत आली होती, हें लक्षांत घेतलें म्हणजे त्या घाईचें नवल वाटत नाहीं.

बंदुकीचा धोका असा टळला. यापुढें जो धोका आला त्याच्या हातांत मात्र शस्त्र नव्हतें, पाव होता.

आगगाडी जवळ आल्यावर उद्यानांत मोठालीं हॉटेलें उभीं राहिलीं. त्यांच्या मुदपाकखान्यांतील खरकटें मागच्या बाजूस उकिरड्यावर टाकलें जाई आणि संध्याकाळीं अस्वलें त्यावर जमत. लवकरच प्रवाशांच्या ध्यानीं आलें कीं, जेवणानंतरची याहून चांगली करमणूक नाहीं. १९०२ सालींच अस्वलांना हातानें खाऊं घालण्यास बंदी करण्यांत आली होती. पण ती कागदावरच राहिली. १९१५ च्या ऑगस्टांत मोटारींना प्रवेश मिळाला आणि काळीं अस्वलें रस्त्याच्या कडेला भिक्षेकऱ्यांसारखीं उभीं राहूं लागलीं. मागच्या दोन पायांवर उठून मोटारीच्या खिडकींत नाक खुपसणारें अस्वल हेंच यलोस्टोनचें चित्र म्हणून घरोघर पोंचलें. १९१६ सालीं राष्ट्रीय उद्यानांचें स्वतंत्र खातें निघालें. त्याच्या कायद्यानें पुन्हां तीच दोन कामें नव्या खात्याच्या गळ्यांत बांधलीं: वन्य जीवनाचें रक्षण करावें, आणि पुढील पिढ्यांसाठीं तें अबाधित राहील अशाच रीतीनें लोकांना त्याचा आनंद घेऊं द्यावा. अस्वलांच्या पंगती पाहणाऱ्यांना पहिला भाग पाठ होता. ‘अबाधित’ या शब्दाकडे वळून पाहण्यास मात्र पन्नास वर्षें लागलीं.

१९३१ सालीं तर ऑटर क्रीक या ठिकाणीं या करमणुकीला सरकारी नाट्यगृहाचें रूप आलें. टेकडीच्या उतारावर बांकांच्या रांगा, पुढें तारेचें कुंपण आणि कुंपणापलीकडे खरकटें ओतण्याचा ओटा. ग्रिझली जातीचीं दांडगीं अस्वलें तेथें मेजवानीस येत आणि उद्यानाचा अधिकारी घोड्यावर बसून, बंदूक जवळ ठेवून, त्यांच्या सवयींवर व्याख्यान देई. दुसरें महायुद्ध आल्यावर हा खेळ बंद पडला. पण उकिरडे चालूच राहिले. १९३१ ते १९६९ या काळांत उद्यानांत दरसाल सरासरी ४८ माणसें अस्वलांकडून जखमी झालीं, असें खात्याचेच आंकडे सांगतात. याच सरकारनें त्याच काळांत लांडग्यांचा निर्वंश करून टाकला होता. शेवटचीं दोन पिल्लें १९२६ सालीं मारलीं गेलीं. जें जनावर मनोरंजन करी त्याला खरकटें, जें न करी त्याला गोळी, असा तो न्याय होता. खात्यांतीलच एक तरुण प्राणिशास्त्रज्ञ जॉर्ज राइट यानें स्वतःच्या पैशानें पाहणी करून या साऱ्या प्रकारावर स्पष्ट टीका केली होती. १९३६ सालीं मोटार-अपघातांत तो मरण पावला आणि त्याचें म्हणणेंहि मागें पडलें.

१९५९ सालीं फ्रँक व जॉन क्रेगहेड या जुळ्या भावांनीं ग्रिझलींचा अभ्यास सुरू केला. बिनतारी यंत्र बसविलेला पट्टा अस्वलाच्या गळ्यांत अडकवून त्याचा माग काढण्याची युक्ति त्यांनीं १९६१ पासून यशस्वी करून दाखविली. रात्रींच्या अंधारांत अस्वल कोठें जातें, हिंवाळ्यांत बीळ कोठें करतें, हें प्रथमच कळूं लागलें. त्याचबरोबर हेंहि कळलें कीं, उद्यानाची हद्द अस्वलाला ठाऊक नसते आणि त्याला लागणारा मुलूख त्या हद्दीहून पुष्कळ मोठा असतो. १९६३ सालीं स्टार्कर लिओपोल्ड यांच्या अध्यक्षतेखालील समितीनें उद्यानांतील निसर्गव्यवहार शक्य तितका मूळ स्वरूपांत राखावा, असा अभिप्राय दिला. आणि १९६७ च्या ऑगस्टांत ग्लेशियर या दुसऱ्या उद्यानांत एकाच रात्रीं, दोन वेगळ्या जागीं, दोन तरुणींना ग्रिझलींनीं ठार मारलें. त्यांतील एक जागा अशी होती कीं, जवळच्या विश्रामगृहाचें खरकटें पाहुण्यांच्या करमणुकीसाठीं अस्वलांपुढें टाकलें जात असे.

उकिरडे बंद केले पाहिजेत, याविषयीं आतां दुमत राहिलें नाहीं. वाद पेटला तो किती लवकर, यावर. क्रेगहेड बंधूंचें म्हणणें असें होतें कीं, कित्येक पिढ्या त्या अन्नावर वाढलेलीं जनावरें एकाएकीं उपाशी पडलीं तर तीं तंबूंच्या तळांकडे वळतील आणि मारलीं जातील. म्हणून उकिरडे हळूहळू बंद करावे व दूर रानांत एल्क हरणांचीं प्रेतें टाकून अस्वलांना तिकडे वळवावें. उद्यानाचे प्राणिशास्त्रज्ञ ग्लेन कोल यांचें मत उलट होतें: जितके दिवस उकिरडा चालेल तितक्या नव्या पिल्लांना त्याची चटक लागेल, म्हणून तो एकदमच मोडावा. दोन्ही बाजूंस तर्क होता आणि दोहोंसहि अस्वलांचें हित हवें होतें. अधिकार अर्थात्‌ उद्यानाकडे होता. ट्राउट क्रीकचा मोठा उकिरडा १९७० सालीं बंद झाला. पुढील दोनतीन वर्षांत पुष्कळ ग्रिझली मारलीं गेलीं. १९७१ सालीं क्रेगहेड बंधूंचा अभ्यास थांबला, कारण त्यांनीं जें प्रसिद्ध करावयाचें तें अगोदर उद्यानास दाखवावें, ही नवी अट त्यांना मान्य झाली नाहीं. ज्या वर्षांत त्यांच्या निरीक्षणाची सर्वांत अधिक गरज होती त्याच वर्षांत तें बंद पडावें, हें त्या वादाचें खरें नुकसान होय.

१९७५ सालीं ग्रिझलीची गणना धोक्यांत आलेल्या प्राण्यांत करण्यांत आली. यलोस्टोनच्या परिसरांत तेव्हां अवघीं १३६ च्या आसपास उरलीं असावींत, असा अंदाज होता. आतां कायद्याचें रक्षण जनावरापुरतें न राहतां त्याच्या वस्तीच्या जागेलाहि लागूं झालें आणि त्याबरोबर प्रश्नाचें स्वरूप पालटलें. अस्वलाला खाऊं घालूं नका, एवढें सांगणें सोपें होतें. अस्वलासाठीं तुम्हीं येथें येऊं नका, असें सांगणें कठीण. १९८३ सालीं तेंच सांगितलें गेलें. जेथें ग्रिझली विशेष जमतात असे भाग निवडून तेथें ठराविक काळ माणसांच्या फिरण्यावर निर्बंध घालण्यांत आले. असे भाग मिळून उद्यानाचा सुमारें एक-पंचमांश होतो. कोठें वसंतऋतूंत सर्वांनाच मज्जाव, कारण हिंवाळ्यांत मेलेल्या बायसनांवर व एल्कांवर अस्वलें तेव्हां पोट भरतात. कोठें ठरलेली पायवाट सोडण्यास बंदी. कोठें एकट्यानें न जातां चारपांच जणांनीं मिळून जावें, अशी सूचना. हॉवेल ज्या पेलिकन खोऱ्यांत पकडला गेला तेंहि यांत आलें.

या नियमांची खरी कसोटी फिशिंग ब्रिज येथें लागली. सरोवरांतून नदी जेथें बाहेर पडते तेथील हा लांकडी पूल. त्यावर गळ टाकणाऱ्यांची एवढी दाटी असे कीं, खांद्याला खांदा लागे. मासे अंडीं घालण्यास तेथेंच येत, म्हणून १९७३ सालीं पुलावरून मासेमारी बंद झाली. पण आजूबाजूच्या ओढ्यांत माशांसाठीं अस्वलें येत आणि त्याच जागीं तंबूंचे तळ, दुकानें व चाकांवरच्या घरांचा अड्डा वसलेला होता. ग्रँट व्हिलेज नांवाची नवी वसाहत बांधावी व फिशिंग ब्रिज रिकामें करावें, असें ठरलें. नवी वसाहत बांधून झाली. जुनी मात्र उठेना, कारण पूर्वेच्या दाराबाहेरील कोडी गांवच्या व्यापाऱ्यांना तो वाटसरूंचा मुक्काम हवा होता आणि वायोमिंगच्या लोकप्रतिनिधींनीं त्यांची बाजू उचलून धरली. शेवटीं तंबूंचा तळ उठला, चाकांवरच्या घरांचा राहिला. अधिक विनोदाची गोष्ट ही कीं, ज्या नव्या वसाहतीनें अस्वलांची सोय व्हावयाची होती तिच्या भोंवतालचे ओढेहि माशांचे, म्हणजे अर्थात्‌ अस्वलांचेच, होते.

हिंवाळ्यांतील कलह निराळा. बर्फावर धांवणाऱ्या यंत्रगाड्या १९६३ सालीं प्रथम आल्या. शतकाच्या अखेरीस गर्दीच्या दिवशीं त्यांची संख्या हजाराहून अधिक होई. धूर इतका कीं, पश्चिमेच्या फाटकावरील चौकींत स्वच्छ हवा नळीनें सोडावी लागे. २००० सालीं त्यांच्यावर बंदीचा निर्णय झाला, अध्यक्ष बदलल्यावर तो फिरला. २००३ च्या डिसेंबरांत वॉशिंग्टनच्या न्यायाधीशानें बंदीच्या बाजूनें निकाल दिला, दोन महिन्यांनीं वायोमिंगच्या न्यायाधीशानें उलट. गाड्यांच्या संख्येवर व धुरावर मर्यादा घालणारा नियम अखेर २०१३ सालीं ठरला.

यलोस्टोनच्या परिसरांतील ग्रिझलींची संख्या पुढें सुमारें एक हजारावर गेली. २०१७ सालीं सरकारनें त्यांचें कायदेशीर संरक्षण काढून घेतलें, शेजारच्या संस्थानांनीं शिकारीची तयारी चालविली. २०१८ च्या सप्टेंबरांत न्यायालयानें तें संरक्षण परत दिलें आणि २०२० सालीं अपीलांतहि तोच निकाल कायम झाला. पेलिकन खोऱ्याचा नियम असा: १ एप्रिल ते ३ जुलै प्रवेश नाहीं. ४ जुलै रोजीं सकाळीं नऊ वाजतां वाट उघडते, संध्याकाळीं सात वाजण्यापूर्वीं परतावें लागतें, आणि रात्र त्या खोऱ्यांत कोणासहि काढतां येत नाहीं.