वाद्यध्वनिसंस्करण : तारपा व बेस गिटार

वाद्यातून उत्पन्न झालेला मूळ नाद श्रोत्याच्या कानी पडण्यापूर्वी त्याच्या गुणात, भरदारपणात, कालावधीत वा कंप्रतेत हेतुतः बदल घडवून आणण्याच्या क्रियेस वाद्यध्वनिसंस्करण म्हणतात. हा बदल वाद्याच्या रचनेतच अंतर्भूत असलेल्या भागांनी होतो, किंवा वाद्य आणि ध्वनिक्षेपक यांच्या दरम्यान जोडलेल्या विद्युत् साधनांनी होतो. पालघर जिल्ह्यातील डहाणू व तलासरी या तालुक्यांत प्रचलित असलेला तारपा हे पहिल्या प्रकाराचे ठळक उदाहरण होय. बेस गिटारला जोडण्यात येणारी बहुपरिणामी पेडले, म्हणजे वादकांच्या भाषेत ‘मल्टी-इफेक्ट्स’, ही दुसऱ्या प्रकारात मोडतात. दोहोंचा काळ, परिसर व तंत्र भिन्न आहे. तथापि नाद कोणत्या घटकांतून आणि कोणत्या क्रमाने जातो यावर त्याचे अंतिम रूप अवलंबून असते, हे तत्त्व दोहोंस समान आहे. विद्युत् विवर्धन खेड्यापाड्यांपर्यंत पोहोचल्यानंतर ही दोन तंत्रे एकाच मांडवात एकत्र आली. त्यामुळे त्यांचा तौलनिक विचार केवळ तात्त्विक राहिलेला नाही.

यांत्रिक संस्करण : नादाचा गुण बदलण्यासाठी साध्या वस्तूंची योजना करण्याची परंपरा भारतात जुनी आहे. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सरकविला जाणारा सुती दोरा, म्हणजेच जवारीचा दोरा, हे त्याचे परिचित उदाहरण. तारेचा घोडीशी होणारा स्पर्श दोऱ्याच्या जागेनुसार बदलतो व त्यायोगे उच्च संनादी स्वर उठून दिसतात. दोरा किंचित पुढेमागे झाला, तरी नाद बोथट होतो. साधनाची निवड आणि त्याचे नेमके स्थान या दोन्ही गोष्टी तेथे कानानेच ठरवाव्या लागतात.

तारपा हे वारली, कोकणा आदी आदिवासी समाजांचे सुषिर वाद्य होय. डहाणू, तलासरी, जव्हार, विक्रमगड, मोखाडा हे तालुके, तसेच दाद्रा व नगर-हवेली आणि दक्षिण गुजरातचा लगतचा भाग हे त्याचे क्षेत्र होय. वाळवून पोकळ केलेला भोपळा, बांबूच्या दोन नळ्या, ताडाच्या पानांचा निमुळता कर्णा आणि सांधे बुजविण्यासाठी मधमाश्यांचे मेण एवढ्याच सामग्रीतून ते तयार होते. वादक भोपळ्याच्या छिद्रातून फुंकतो. भोपळा हा हवेचा कोठा असून त्यातील दाबामुळे नळ्यांच्या वरच्या टोकांशी असलेल्या जिभाळ्या कंप पावतात. बोटांनी छिद्रे झाकून व उघडून धुन वाजविली जाते आणि तिच्या जोडीला अखंड आधारस्वर घुमत राहतो. नळ्यांतून आलेला नाद शेवटी कर्ण्यात शिरतो. कर्ण्याची लांबी व पसरटपणा यांनुसार त्यातील काही घटक बळावतात, तर काही दबतात. श्वास, कोठा, जिभाळी, नळी आणि कर्णा अशी ही पाच कड्यांची साखळी आहे. तिच्यातील एक कडी बदलली, तर पुढच्या सर्व कड्यांचे कार्य बदलते. भोपळ्याला बारीक चीर असेल किंवा मेणाचा सांधा ढिला असेल, तर दाब टिकत नाही आणि स्वर डळमळतो. या जातीच्या जिभाळीवर मेणाचा कण ठेवल्यास तिचा भार वाढून स्वर उतरतो. म्हणून मेण हे केवळ सांधण्याचे द्रव्य नसून स्वर जुळविण्याचे साधनही ठरते. नाद खंडित होऊ नये म्हणून वादक गालांत हवा साठवून नाकाने श्वास घेतो व फुंक चालूच ठेवतो.

भाताचे पीक हाती येऊ लागते त्या हंगामात, विशेषतः दिवाळीच्या सुमारास, रात्री मोकळ्या जागी तारपा नाच होतो. वादक मध्यभागी असतो. हातात हात वा कमरेस विळखा घालून उभ्या राहिलेल्या नर्तकांची ओळ त्याच्याभोवती फिरते. तो वळला की ओळ वळते आणि धुन बदलली की पावले बदलतात. वारली भित्तिचित्रांतील सर्पिल नृत्याकृतीच्या मध्यभागी लांब कर्ण्याचे वाद्य घेऊन उभी असलेली व्यक्ती हा तारपावादकच होय. डहाणू तालुक्यातील चित्रकार जिव्या सोमा म्हसे (१९३४–२०१८) यांच्या चित्रांमुळे ही आकृती देशोदेशी पोहोचली. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री हा सन्मान मिळाला.

विद्युत् संस्करणाचा उदय : विद्युत् बेस गिटारचे प्रारंभिक प्रयोग अमेरिकेत १९३० नंतरच्या दशकात पॉल टटमार्क यांनी केले. तथापि तिचा प्रसार लिओ फेंडर यांच्या ‘प्रिसिजन बेस’ (१९५१) या वाद्यापासून झाला. लोहचुंबक व तारेचे वेटोळे यांनी बनलेला ग्राहक तारेच्या कंपनांचे विद्युत् संकेतांत रूपांतर करतो. विवर्धक हे संकेत वाढवून ध्वनिक्षेपकाकडे पाठवितो. या मार्गात अन्य विद्युत् मंडले बसवून नाद बदलता येतो, ही जाणीव लवकरच झाली.

त्यातील एका महत्त्वाच्या परिणामाचा जन्म बिघाडातून झाला. मार्टी रॉबिन्स यांच्या १९६१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका गीताच्या ध्वनिमुद्रणात ग्रेडी मार्टिन सहा तारांची बेस गिटार वाजवीत होते. नॅशव्हिल येथील त्या ध्वनिमुद्रणगृहाच्या मिश्रणयंत्रात दोष निर्माण झाला आणि गिटारचा नाद फाटल्यासारखा उमटला. तो तसाच ठेवण्यात आला. ध्वनिमुद्रण अभियंता ग्लेन स्नॉडी यांनी हा दोष हेतुतः निर्माण करणारे मंडल तयार केले व १९६२ मध्ये गिब्सन कंपनीने ते ‘मेस्ट्रो फझ-टोन’ या नावाने विक्रीस आणले. रोलिंग स्टोन्स या वृंदाच्या १९६५ मधील एका गीतानंतर त्याची मागणी एकदम वाढली. त्याच वर्षी बीटल्सचे पॉल मॅकार्टनी यांनी बेस गिटारसाठीही हा परिणाम वापरला.

यानंतर शोधांची गती वाढली. पायाने चालणारे ‘वा-वा’ पेडल १९६७ मध्ये बाजारात आले. १९६९ मध्ये फिलिप्स कंपनीच्या संशोधकांनी संकेत टप्प्याटप्प्याने पुढे सरकविणारे अर्धसंवाहक मंडल विकसित केले. त्यामुळे ध्वनिफितीवाचून विलंब व समूहनादाचे परिणाम साधणे शक्य झाले. तारेवरील आघाताच्या जोरानुसार उघडझाप करणारा ‘म्यू-ट्रॉन ३’ हा छानक १९७२ मध्ये आला. बूट्सी कॉलिन्स यांच्या वादनामुळे तो बेस गिटारशी कायमचा निगडित झाला. जपानमधील ‘बॉस’ या व्यवसायनामाने १९७७ पासून एकसारख्या आकाराची छोटी पेडले निघू लागली. त्यामुळे वादकाला आपल्या पसंतीची साखळी स्वतः जुळविता येऊ लागली. अंकीय तंत्र स्वस्त झाल्यावर ही साखळी एकाच पेटीत सामावली. ‘बॉस एमई-५’ (१९८८) हे अशा पेट्यांचे आरंभीचे उदाहरण होय. १९९० नंतरच्या दशकात ‘झूम ५०६’सारखी खास बेस गिटारसाठी बनविलेली लहान बहुपरिणामी पेडले उपलब्ध झाली.

महाराष्ट्रात या वाद्याचा प्रवेश मुंबईच्या चित्रपट-वाद्यवृंदांतून झाला. या वृंदांत गोमंतकीय वादकांचा मोठा भरणा होता. राहुल देव बर्मन यांच्या वृंदात टोनी वाझ बेस गिटार वाजवीत. चरणजित सिंग (मृत्यू २०१५) यांनी १९८२ मध्ये रोलँड कंपनीच्या ‘टीबी-३०३’ या यंत्रावर रागाधारित ध्वनिमुद्रिका तयार केली. हे यंत्र मुळात बेस गिटारला पर्याय म्हणून काढलेले होते. आयातीवरील निर्बंध व जबर जकात यांमुळे १९९१ पूर्वी अशी साधने मोजक्या व्यावसायिकांपुरतीच मर्यादित राहिली. सामान्य जनांपर्यंत विद्युत् वाद्यनाद नेला तो मुख्यतः बेंजोने. जपानी ताइशोगोतोपासून (१९१२) आलेल्या बुलबुलतरंगाचे हे विद्युत् रूप असून मुंबई व कोकणातील मिरवणुका आणि लग्नसमारंभ यांत ते रूढ झाले.

निवड : चार तारांच्या बेस गिटारमधील सर्वांत खालच्या तारेची कंप्रता ४१.२ हर्ट्झ, तर पाच तारांच्या वाद्यात ती ३०.९ हर्ट्झ असते. सामान्य गिटारची खालची तार ८२.४ हर्ट्झची असते. त्यामुळे सामान्य गिटारसाठी आखलेली अनेक मंडले बेसच्या तळाच्या कंप्रता गाळून टाकतात आणि वाद्य पोकळ वाटते. म्हणून मूळ संकेत व संस्कारित संकेत ठराविक प्रमाणात मिसळण्याची सोय पेडलमध्ये आहे किंवा नाही, हे प्रथम पाहावे लागते. स्वर ओळखून त्याचा वरचा वा खालचा सप्तक निर्माण करणाऱ्या मंडलांची मर्यादाही ध्यानात घ्यावी लागते. ४१.२ हर्ट्झच्या एका आवर्तनास सु. २४ मिलिसेकंद लागतात. त्यापूर्वी स्वर निश्चित करणे कठीण असल्याने खालच्या स्वरांवर असे परिणाम अडखळतात. ग्राहकाला योग्य असा सु. १० लाख ओहमचा निवेश संरोध, पुरेसा विद्युत् प्रवाह देणारा पुरवठा, अंधारातही पायाला सापडतील अशा कळा आणि समतोल निर्गम या अन्य आवश्यक बाबी होत. परिणामांची संख्या मोठी असणे हा निवडीचा निकष नव्हे. बहुतेक वादकांना संपीडन, विकृती, छानक व समूहनाद एवढेच परिणाम नित्य लागतात.

जोडणी : सर्वसाधारण क्रम पुढीलप्रमाणे असतो. स्वरमापक व संपीडक प्रारंभी, सप्तककारक व आघातानुसारी छानक त्यानंतर, मग विकृती, पुढे समूहनाद आणि शेवटी विलंब व अनुरणन. आघातानुसारी छानकाला वादकाच्या बोटांचा जोर कळावा लागतो. विकृतीनंतर जोरातील हा फरक सपाट होत असल्याने छानक तिच्या आधी ठेवणे इष्ट ठरते. हाच जोर संपीडकानेही कमी होतो; त्यामुळे काही वादक छानक सर्वांआधी जोडतात. विकृती जर विलंबानंतर आली, तर प्रत्येक प्रतिध्वनी पुन्हा फाटतो व स्वर एकमेकांत मिसळून गढूळ होतात. हा क्रम नियम नसून अनुभवसिद्ध संकेत आहे. तो उलटून वेगळा नाद मिळविणारे वादकही आहेत. ग्राहकापासून पहिल्या पेडलपर्यंतची तार पाच-सहा मीटरांहून लांब नसावी, कारण तारेच्या धारकतेमुळे वरच्या कंप्रता क्षीण होतात. पुरवठ्याची ध्रुवता व दाब (बहुधा ९ व्होल्ट) तपासूनच जोडणी करावी. एका पुरवठ्यावर अनेक पेडले चालविल्यास भुणभुण निर्माण होते. ती टाळण्यासाठी परस्परांपासून अलग निर्गम असलेला पुरवठा वापरतात. बहुपरिणामी पेडलमधील ध्वनिक्षेपक-पेटीची अंकीय प्रतिकृती सभागृहाच्या मिश्रणयंत्राशी थेट जोडणी करताना चालू ठेवावी लागते. स्वतःच्या विवर्धकाशी जोडताना मात्र ती बंद करणे योग्य असते; अन्यथा एकच संस्कार दोनदा होतो.

तारप्याचे विवर्धन : डहाणू व तलासरी भागांत लग्ने, जत्रा, ९ ऑगस्टचा जागतिक आदिवासी दिन व सांस्कृतिक महोत्सव अशा प्रसंगी तारपा आता ध्वनिग्राहकापुढेही वाजतो. त्याच ठिकाणी कीबोर्ड, बेंजो व मोठे ध्वनिक्षेपक असतात. बेस गिटारच्या बाबतीत जे प्रश्न पेडलांच्या निवडीत उद्‌भवतात, तेच येथे वेगळ्या रूपात उभे राहतात. भोंगा या नावाने ओळखला जाणारा कर्णाकृती ध्वनिक्षेपक सु. ३०० हर्ट्झच्या खालील कंप्रता फार क्षीणपणे देतो. तो मुळात भाषणासाठी योजलेला आहे. त्यातून तारपा ऐकू येतो तेव्हा त्याचा घुमारा नाहीसा होऊन केवळ कर्कश वरचा भाग उरतो, आणि वाद्यच कर्कश आहे असा ऐकणाऱ्याचा ग्रह होतो. दोष वाद्याचा नसून साखळीच्या अखेरच्या कडीचा असतो.

ध्वनिग्राहकाची जागाही तितकीच महत्त्वाची आहे. तारप्याचा नाद कर्ण्याच्या मुखातून तसाच उघड्या छिद्रांतूनही बाहेर पडतो. ध्वनिग्राहक कर्ण्याच्या अगदी तोंडाशी ठेवला, तर धुन व आधारस्वर यांचा तोल बिघडतो. काही अंतरावरून दोन्ही एकत्र घेता येतात. परंतु अंतर वाढविले की शेजारचे ध्वनिक्षेपक त्यात शिरून शिट्टी वाजू लागते. याहून मोठी अडचण नृत्याची आहे. ध्वनिग्राहक खांबावर स्थिर असला की वादकही स्थिर होतो. वादक वळत नाही म्हणून ओळ वळत नाही, आणि वादकाच्या मागे चालणारा नाच व्यासपीठावरील प्रदर्शन होतो. वाद्यालाच अडकविता येणारा बिनतारी ध्वनिग्राहक, खालच्या कंप्रता देणारी ध्वनिक्षेपक-पेटी आणि कमीत कमी संस्करण असा संच वापरल्यास ही हानी बरीच टळते.

तारपा बनविण्याचे ज्ञान मुख्यतः प्रत्यक्ष पाहून व हाताळून पुढच्या पिढीकडे जाते. योग्य आकाराचा भोपळा परसात पिकविणे, ताडाची पाने व बांबू पारखणे, मेणाने स्वर जुळविणे ही त्याची अंगे होत. बिघडलेले पेडल बदलून दुसरे घेता येते. तारप्याची साखळी मात्र शेत, रान व हंगाम यांच्याशी बांधलेली आहे. भोपळ्याचे वेल, ताडाची झाडे आणि नाचाची रात्र यांपैकी एक कडी तुटली, तर विवर्धनाच्या कोणत्याही साधनाने ती भरून निघत नाही.